पाठीमागचा भराव

खोदाईच्या मशीनवर अठरा वर्षे बसलेल्या माणसाच्या देहाला त्या आसनाचाच आकार येतो. खांदे किंचित पुढे झुकतात, मांड्या जडावतात, आणि दोन्ही तळहातांच्या मधोमध दांड्यांच्या गोल मुठींनी घडवलेला एक गुळगुळीत, टणक ठसा उमटतो. बाकीचा हात मात्र मऊच राहतो. नव्या कामाच्या पहिल्याच दिवशी तात्यांनी त्याचा हात उलटसुलट करून पाहिला होता आणि म्हणाले होते, "ऑपरेटर, तुझा हात फक्त मधल्या मध्ये कामाला गेलेला दिसतो. कडा अजून घरीच आहेत."

साऱ्या गावात त्याला ऑपरेटर म्हणत. मशीन सोडून दीड महिना झाला, तो पायी कामावर जाऊ लागला, बोटांच्या पेरांना चिंध्या बांधून घरी येऊ लागला, तरी ते नाव काही त्याला सोडून गेले नाही. नव्या कामाला धड नावच नव्हते. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी पसरलेली शेते ज्या दगडी बांधांनी तोलून धरली होती, ते बांध रचण्याचे हे काम. त्यात चुना नाही, सिमेंट नाही, मातीचा गारासुद्धा नाही. दगडावर दगड, दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा, आणि पोकळीत हाताने बसवलेल्या चिपा, म्हणजे दगडाच्या कपच्या. एवढ्यावरच ती भिंत शंभर वर्षे उभी राही. हे काम जाणणारा एकच माणूस आता उरला होता. ते तात्या. वय चौऱ्याहत्तर, देह वाळलेल्या शेंगेसारखा, आणि बोलणे त्याहून कोरडे.

मशीन होते ऑपरेटरच्या बायकोच्या धाकट्या भावाचे. मेहुण्याने ते घेतले तेव्हा पहिला माणूस म्हणून त्याने आपल्या बहिणीच्या नवऱ्यालाच बसवले होते. त्यात प्रेम होते आणि सोयही होती. लहान वयाच्या मेहुण्याकडे रोज सकाळी "आज कुठे जायचं?" असे विचारायला जाताना ऑपरेटरला पहिली दोन वर्षे अवघड वाटले, पुढे तेही अंगवळणी पडले. तळी खोदली, नाले उकरले, घरांचे पाये काढले. काम संपले की मशीन पुढच्या गावाला. या अठरा वर्षांत आपण केलेले एखादे काम पुन्हा जाऊन पाहावे असे त्याला कधी वाटले नाही. आणि पाहायला जाणार तरी काय? खड्डा बुजलेला, नाहीतर त्यावर दुसऱ्याचे घर उभे.

मग एके दिवशी वाट रुंद करण्यासाठी एक जुना बांध पाडायचा निघाला. बकेटचे दात त्याने दगडांत घातले, दांडा ओढला, आणि मशीनचाच मागचा भाग जमिनीवरून उचलला गेला. बांध हलला नाही. तिसऱ्या झटक्याला तो फुटला तेव्हा, का कोणास ठाऊक, ऑपरेटर खाली उतरला आणि त्या भगदाडात डोकावला. आत, जिथे कोणाची दृष्टी कधी पोहोचणार नव्हती तिथे, एकेक चीप शेजारणीला चिकटून बसवलेली होती. दर्शनी बाजूपेक्षा आतली बाजू अधिक जपलेली. गाभाऱ्यात उभे राहिल्यासारखा तो तिथे बराच वेळ उभा राहिला. वाटेच्या कडेला एक म्हातारा काठीवर दोन्ही हात टेकून पाहत होता.

"हा कोणाचा हो?" ऑपरेटरने विचारले.

"आता तुझा," तात्या म्हणाले. "मी रचला होता. तू पाडलास."

त्या शब्दांत राग नव्हता. असता तर बरे झाले असते, असे त्याला पुढे पुष्कळदा वाटले. पंधरा दिवसांनी त्याने मेहुण्याला मशीन सोडत असल्याचे सांगितले आणि तात्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

*

तात्यांच्या हाती त्या वेळी बाईंचे काम होते. बाई म्हणजे गावातल्या शाळेत तेहतीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. अर्धे गाव त्यांच्या हातून शिकलेले, आणि उरलेले अर्धे त्यांना भिऊन शाळा सोडलेले. त्यांच्या दोन टप्प्यांच्या शेतामधला बांध जुना होऊन ढासळला होता. वरच्या टप्प्यावर दर बारा दिवसांनी पाटाच्या पाण्याची पाळी येई. खालच्या टप्प्यात लिंबाची कोवळी रोपे होती.

पहिला महिना ऑपरेटरने फक्त दगड उचलले. तात्यांचा एक नियम होता: उचललेला दगड परत खाली टाकायचा नाही. उचलण्याआधी डोळ्यांनी मापायचा, जागा मनात धरायची, मग हात लावायचा. ऑपरेटर अर्धा मण वजनाचा दगड पोटाशी धरून बांधापुढे फेऱ्या मारी, जागा सापडत नसे, घाम डोळ्यांत उतरे.

"काय रे, बारसं आहे का त्याचं?" तात्या विचारीत. "नुसता कडेवर घेऊन हिंडतोयस."

हळूहळू जागा सापडू लागल्या. दगडाची लांब बाजू पुढे न दाखवता आत घालायची, हे कळले. दगड बसला की एक बुटका, बंद आवाज येतो. नाही बसला की पोकळ. तो आवाज त्याला आवडू लागला. घरी जेवताना ताटाखालचा पाट डुगडुगला तर तो सवयीने खाली चीप शोधी, आणि त्याची दहावीतली लेक हसून म्हणे, "बाबा, जेवा आधी."

बायको मात्र हसत नसे. ती घरी शिवणकाम करी. अबोल होती, पण तिच्या मशीनचा आवाज ऐकून घरातल्या माणसांना तिचे मन कळे. अलीकडे ते अधूनमधून मध्येच थांबत होते.

एका संध्याकाळी मेहुणा आला. पाणी प्यायला, भाचीच्या अभ्यासाची चौकशी केली, आणि मग खुर्चीच्या कडेवर सरकून बसला.

"दाजी, तुमच्या जागेवर मी अजून कोणाला बसवलेलं नाही. दोन जण येऊन गेले. मी म्हटलं, आमचे दाजी जरा दगडाच्या नादाला लागलेत, येतील परत."

"नाद नाही रे तो," ऑपरेटर म्हणाला.

"बरं, नाद नाही. पण रस्त्याचं मोठं काम मिळालंय. एकतीस तारखेला सकाळी मशीन जायचं. दीड वर्षाचं काम आहे. तीस तारखेला मला एकदा सांगा, हो किंवा नाही. नंतर मग मला दुसरा माणूस हलवता येणार नाही. त्याच्याही घरी चूल आहे."

हे रास्तच होते. मेहुणा गेल्यावर बायको कापडावर खडूने रेघ मारीत होती. रेघ पुरी झाल्यावर तिने मान वर केली.

"तुम्ही सोडलंत तेव्हा मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "आताही बोलत नाही. घर मी ओढीन थोडं. पण मला एकच कळू दे. हे तुम्हाला जमतंय का? आवडतंय ते दिसतंच आहे. जमतंय का, ते सांगा."

ते त्यालाही ठाऊक नव्हते.

*

महिन्याच्या मध्याला तात्यांच्या डोळ्याच्या मोतिबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. दोन दिवस शहरात राहावे लागणार होते. निघताना त्यांनी बांधाची पाहणी केली. सहा हातांचा एक तुकडा अपुरा होता.

"हा तू पुरा कर," ते म्हणाले. "भिंतीच्या तोंडाला घाई करू नकोस. आणि पाठीमागे चिपा भर. हाताने, एकेक. घमेलं उपडं करायचं नाही."

"बरं."

"बरं म्हणतोस ते मला ऐकू येतं. डोळा बिघडलाय, कान नाही."

दोन दिवस ऑपरेटरने जसे काम केले तसे आयुष्यात कधी केले नसेल. दर्शनी बाजू त्याला अशी साधली की तो स्वतःच चार पावले मागे जाऊन पाहत राहिला. सांध्यावर सांधा नाही, ओळंब्यासाठी ताणलेल्या दोरीबाहेर एक कोपरा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंत छातीपर्यंत आली. उरली ती पाठीमागची पोकळी. भिंत आणि वरच्या शेताचा उभा कापलेला काठ यांच्यामधली हातभर रुंदीची फट.

चिपांचा ढीग संपत आला होता. नव्या चिपा फोडायच्या तर आणखी दीड दिवस. शेजारीच पाया खणताना निघालेल्या मातीचा ढिगारा होता. भुसभुशीत, स्वच्छ, एक खडा नसलेला. अठरा वर्षे ज्या माणसाने खड्डा पाहिला की माती लोटली आणि माती लोटली की बकेटच्या पाठीने दाबली, त्याच्या हातांनी विचार केला नाही. फावडे आपोआप त्या ढिगाऱ्यात गेले. त्याने फट मातीने भरली. वर उभा राहून पहारीच्या बोथट टोकाने ती थराथराने ठोकली, जोवर पहार उसळी मारू लागली तोवर. ठोकताना त्याला एक जुने, ओळखीचे समाधान वाटत होते. चिपांत फटी राहतात. मातीत राहत नाहीत. आपण तात्यांच्या पुढे एक पाऊल टाकले, असेही क्षणभर त्याच्या मनात येऊन गेले. वरून त्याने दोन थर चिपांचे पसरले.

संध्याकाळी तो बायकोला घेऊन आला. तिने भिंतीवरून हात फिरवला.

"शिलाई सरळ आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून ही मोठीच स्तुती होती. त्या दिवशी घरी शिवणयंत्र न थांबता चालले.

तिसऱ्या दिवशी तात्या आले ते काळा चष्मा लावून. पुढचे तीन आठवडे वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, धुळीत जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावलेले. बाई म्हणाल्या, "तात्या, या वयात नायक झालात की." एका डोळ्याने त्यांनी भिंतीचे तोंड वरपासून खालपर्यंत पाहिले, काठीने दोनतीन दगड वाजवले.

"तोंड बरं आहे," ते म्हणाले. मग थांबून, "चिपा पुरल्या?"

खरे सांगायला एक श्वास पुरला असता. मातीने भरले, असे म्हणायचे, एवढेच. पण "तोंड बरं आहे" हे शब्द अजून कानात ताजे होते, आणि ते पुसले जावेत अशी त्याची इच्छा नव्हती.

"पुरल्या," तो म्हणाला.

*

अठरा तारखेला पाण्याची पाळी होती. सकाळी बाईंनी पाटाची फळी काढली. पाणी वरच्या शेतात पसरले, सऱ्यांतून हिंडले, जमिनीने ते प्यायले. तासाभराने जुन्या बांधाच्या दगडांतून नेहमीप्रमाणे पाझर फुटला. काळ्या दगडांवरून बारीक चकाकत्या रेघा उतरल्या.

नव्या सहा हातांतून मात्र थेंब आला नाही.

ऑपरेटरला प्रथम ते चांगले लक्षण वाटले. मग त्याने पाहिले की मधल्या थरातला एक दगड दोरीच्या बाहेर आला आहे. बोटभर. त्याने जवळ जाऊन तळहात लावला. भिंत आतून फुगत होती. पाणी प्यालेली ठोकलेली माती जागा मागत होती आणि तिला वाट नव्हती. भिंतीला पोट सुटले, ते वाढले, आणि दुपारी, सगळे पाहत असताना, फारसा आवाजसुद्धा न करता, ती खाली बसली. दगडांवरून चिखलाचा जाड ओघळ उतरला आणि लिंबाची दोन रोपे त्याखाली गेली.

बाई पाटाकडे धावल्या, फळी घालून आल्या. श्वास लागला होता. त्या ऑपरेटरकडे पाहतच नव्हत्या. त्यांची दृष्टी तात्यांवर होती, आणि त्या दृष्टीत राग नसून दया होती.

"तात्या," त्या हळूच म्हणाल्या, "पन्नास वर्षांत तुमचा बांध पडलेला मी पाहिला नव्हता. हात थकले हो तुमचे आता. वय कोणाला चुकलंय. मी मुलाला सांगते, सिमेंटची भिंत घालून घेईन. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

तात्या काठीवर दोन्ही हात टेकून उभे होते. चिखल त्यांनी पाहिला होता. नुसत्या दगडचिपांच्या बांधाच्या पोटातून चिखल निघत नसतो, हे त्यांच्याइतके कोण जाणत होते? पण ते काही बोलले नाहीत. काळ्या काचेमागे डोळे कुठे पाहत होते तेही कळत नव्हते.

गप्प राहिले तर सगळे आपोआप मिटत होते. म्हातारा थकला, भिंत पडली, बाई सिमेंट घालतील, आणि तीस तारखेला त्याला मेहुण्याकडे सन्मानाने परत जाता येईल. त्याला कोणी दोष दिला नव्हता. देणारही नव्हते.

"बाई," तो म्हणाला. "तो तुकडा तात्यांचा नाही. माझा आहे. त्यांनी चिपा भर म्हणून सांगितलं होतं. मी माती भरली. आणि विचारलं तेव्हा चिपा भरल्या म्हणून सांगितलं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. तेहतीस वर्षांच्या सवयीची ती दृष्टी होती. ऑपरेटरला आपण पुन्हा शाळेच्या आखूड चड्डीत उभे असल्याचा भास झाला.

"माती का भरलीस?"

"खड्डा दिसला की तेवढंच येतं मला."

"आणि खोटं का बोललास?"

बाईंनी चिखलातून एक लिंबाचे रोप बाहेर ओढले, त्याची मुळे पाहिली, आणि ते बाजूला ठेवले.

"पुढची पाळी तीस तारखेला," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत उभी कर. नाहीतर सिमेंट. आणि चूक तुझी आहे तर हात तुझेच लागतील. तात्यांनी दगडाला स्पर्श केलेला मला दिसता कामा नये. डॉक्टरांनीही सांगितलंय."

बाई गेल्यावर ऑपरेटर तात्यांसमोर उभा राहिला.

"तुम्ही का नाही सांगितलंत तात्या? चिखल तर दिसला तुम्हाला."

"मी काय सांगू?" तात्या म्हणाले. "पाठीमागे हात घालून पाहायचं काम माझं होतं. वाकायचं नाही म्हणून मी पाहिलं नाही, आणि तू पुरल्या म्हणालास ते धरून चाललो. तुझी माती, माझा आळस. निम्मं निम्मं." मग ते खाली बसले आणि काठीने दगडांच्या राशीकडे दाखवले. "आधी सगळं काढ. मातीत मिसळलेला एकेक दगड धुऊन वेगळा कर. तोंडाचे इकडे, पोटाचे तिकडे, चिपा माझ्या पायाशी."

*

काढण्यातच तीन दिवस गेले. रचायला जो दगड दोन मिनिटांत बसतो, तो चिखलातून ओढायला पंधरा मिनिटे लागतात. त्याच्या दोन बोटांची नखे काळी पडली. कंबर सरळ होईना. वाटेने जाणारे थांबत.

"काय ऑपरेटर, खोदलंत तसं भरताय वाटतं?"

"अरे त्यांना म्हणावं, रिव्हर्स टाका."

तो हसे. पहिल्या दिवशी ते हसू ओढून आणलेले होते. तिसऱ्या दिवशी आपोआप आले.

घरी त्याने बायकोला सारे सांगितले होते, खोट्यासकट. तिने ऐकून घेतले. "मला दाखवायला आणलंत तेव्हा आत मातीच होती?" तिने एवढेच विचारले. तो हो म्हणाला. ती उठून आत गेली. दोन दिवस तिने त्याच्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले.

चौथ्या दिवशी सकाळी तो बांधावर पोहोचला तर थोड्या वेळाने मागून ती आली. हातात डबा, कमरेला गच्च खोचलेली साडी. डबा झाडाला टांगून ती तात्यांच्या पायाशी असलेल्या चिपांच्या ढिगापाशी बसली.

"हे कसं भरायचं, तात्या?"

"घरचं काम?"

"रात्रीचंसुद्धा सकाळीच उरकलं. सांगा."

तात्यांनी सांगितले. चीप टाकायची नाही, रोवायची. बोटाने हलवून पाहायची. हलली तर काढून दुसरी. पाणी यावे, पाण्याने जावे, आणि जाताना काही घेऊन जाऊ नये, अशा बेताने. ती पाठीमागच्या फटीशी ओणवी झाली. आयुष्यभर सुईच्या नाकातून दोरा ओवणाऱ्या त्या बोटांना पोकळीचा आकार लगेच कळे. ऑपरेटर पुढे एक थर लावी तोवर ती मागे तेवढेच भरून वर पाही.

"ऑपरेटर," तात्या दुपारी म्हणाले, "मी शिष्य चुकीचा घेतला रे."

"मग बदला," ती म्हणाली, आणि त्या घटकेला अनेक दिवसांनी तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

पुढे ती रोज दोन तास येऊ लागली. चिपा फोडायला ऑपरेटर घणाने मोठे दगड मोडी, तात्या आवाजावरून सांगत, "तो नको, त्याला चीर आहे, वाजतोय बघ." तोंडाचा सरळपणा या खेपेस पहिल्याइतका साधला नाही. दोन ठिकाणी दगड नाखूश दिसत होते. पण प्रत्येक दगडाची शेपटी आत गेलेली होती, आणि त्याने मागून हात घालून प्रत्येक चीप हलवून पाहिली होती. कधी कधी काम करताना त्याला आपण आहोत याचाच विसर पडे. डोळा दगडावरून जागेवर, जागेवरून दगडावर, हात त्यांच्या मागोमाग. आणि मध्ये कोणताही शब्द नाही. मशीनवर त्याने अठरा वर्षे घड्याळ पाहिले होते. इथे बायको येऊन डबा उघडी तेव्हाच त्याला दुपार झाल्याचे कळे.

एकोणतीस तारखेच्या संध्याकाळी शेवटचा आडवा दगड चढला.

*

तीस तारखेला सकाळी बाईंनी फळी काढली आणि येऊन बांधाच्या खाली खुर्ची टाकून बसल्या, परीक्षेला देखरेख करावी तशा. तात्या झाडाखाली होते. ऑपरेटर आणि त्याची बायको थोड्या अंतरावर दगडांवर बसली होती. पाणी वर पसरत होते. खाली यायला तास होता.

मेहुण्याची मोटारसायकल वाटेवर थांबली. तो उतरून आला, बाईंना वाकून नमस्कार केला, कारण त्यांच्या हातून मारही त्याने खाल्ला होता.

"दाजी, उद्या पहाटे निघायचं. ठेकेदाराला आज नाव कळवायचंय."

"दुसरा माणूस बघ," ऑपरेटर म्हणाला.

मेहुणा भिंतीकडे पाहत राहिला. सारी हकिगत त्याच्या कानावर गेलेली होती. गावात एवढे लपत नाही.

"पाणी तर येऊ द्या," तो समजुतीने म्हणाला. "मी थांबतो ना तासभर. भिंत उभी राहिली तर मी काही बोलणार नाही. पण मागच्यासारखं झालं तर मग हट्ट कशाला?"

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती, काळजी होती, आणि म्हणूनच ते टाळणे अवघड होते. ऑपरेटरने भिंतीकडे पाहिले. ती उभी राहील की नाही हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. चुकीच्या जागा अजून किती असतील, कोण सांगणार. पण बायकोने त्या संध्याकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला आता ठाऊक होते, आणि ते या पाण्यावर अवलंबून नव्हते.

"पडली तर काढीन," तो म्हणाला. "का पडली ते बघीन. परत रचीन. मला हे जमेल रे, वेळ लागेल एवढंच. तुझं मशीन मला कधी चुकू देत नव्हतं, पण शिकूही देत नव्हतं. तुझा राग नाही. तू बसवलंस म्हणून घर उभं राहिलं. पण तू आजच दुसरा माणूस बघ."

मेहुण्याने बहिणीकडे वळून पाहिले. लहानपणापासून अडले की तो तिच्याकडेच पाहत आला होता.

"ताई, तू काही सांग यांना."

ती चहाच्या डब्याचे झाकण फिरवीत होती. "त्यांनी तुला सांगितलं ना दुसरा माणूस बघ म्हणून," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं. चहा घे."

त्याने चहा घेतला. ऊन वर चढले. बाईंनी एकदा खुर्ची सरकवली. जुन्या बांधात पाझर फुटला, त्याचा बारीक आवाज येऊ लागला, आणि सगळ्यांच्या नजरा त्या सहा हातांवर खिळल्या. भिंत कोरडीच होती. ऑपरेटरने हात मांड्यांवर पालथे ठेवले होते.

मग खालून दुसऱ्या थरातला एक दगड काळा पडला. त्याच्या शेजारचा. त्या दोघांच्या सांध्यातून एक थेंब आला, लोंबला, आणि पडला. पाठोपाठ दुसरीकडून, तिसरीकडून. आणि पाहता पाहता तळाच्या साऱ्या रांगेतून पाणी झिरपू लागले. दोरी अजून ताणलेली होती. एकही दगड तिच्याबाहेर आला नव्हता.

"येतंय का?" काळ्या चष्म्याआडून तात्यांनी विचारले.

"येतंय," बाई म्हणाल्या.

"कसं येतंय?"

कोणी उत्तर देण्याआधी मेहुणा उठला. चहाचा पेला खाली ठेवून तो भिंतीपाशी गेला, उकिडवा बसला, आणि ओंजळ सांध्याखाली धरली. ती भरेपर्यंत तो थांबला. मग उन्हाकडे वळवून त्याने तिच्यात पाहिले.

"निवळ आहे, तात्या," तो म्हणाला. "गाळ नाही यात. हाताच्या रेषा दिसतायत."

तात्यांनी मान हलवली. काठीचा आधार घेऊन ते सावकाश उठले, धोतरावरची धूळ झटकली आणि घराच्या वाटेला लागले. चार पावलांवर ते थांबले.

"बाईंच्या शेजाऱ्याचाही बांध काढून रचायचाय," ते मागे न वळता म्हणाले. "बारा हात. माझा डोळा सुटायला अजून आठवडा आहे. तोवर कोण थांबणार? उद्या पाया तू धर."

"तुम्ही याल ना बघायला?"

"येईन दुपारी," तात्या म्हणाले. "बघायला नाही. बसायला."

ते गेले. मेहुण्याने ओले हात विजारीला पुसले आणि मोटारसायकलकडे जाता जाता फोन कानाला लावला. कोणाला तरी उद्या पहाटे तयार राहायला सांगत होता. बांधाच्या पायथ्याशी पाणी साठू लागले होते आणि रोपांच्या उलट दिशेला वळत होते. ऑपरेटर उठला, फावडे घेतले, आणि त्या पाण्याला लिंबांकडे वाट काढून द्यायला खाली उतरला.